मीठ कुणाच्या हातचं

मला कुणी न मागता काही दिलं की मी ते आधी उलटं करून खालची बाजू बघते. मासेवालीनं वाट्यावर दोन बांगडे जास्त टाकले तर मी नेमके त्याच दोघांचे कल्ले उघडते. नवरा म्हणतो, तुला उद्या देव प्रसन्न झाला तर तू त्याच्याकडे आधी ओळखपत्र मागशील. मागीन. त्यात काय वाईट आहे?

त्यामुळे गेल्या श्रावणात आमच्या साहेबांनी मला अधिकार दिले तेव्हा मी पेढा खाल्ला, पण आनंद काही झाला नाही. आमचं ऑफिस छोटं, मिरजोळ्याच्या बाजूला. मी तिथं साहेबांच्या खालोखाल. इतक्या वर्षांत साध्या पेनांच्या खरेदीवरही साहेबांची सही लागायची, आणि एका सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून आदेश स्वतः वाचून दाखवला. कर्मचाऱ्यांच्या रजा मंजूर करण्याचे अधिकार माझ्याकडे ‘प्रत्यायोजित करण्यात येत आहेत’. वाचताना त्यांची जीभ त्या शब्दावर दोनदा अडखळली. मग म्हणाले, “मॅडम, आता सगळं तुमच्या हातात.”

वरच्याकडची सत्ता खालच्याकडे येते त्यासाठी आपल्याकडे शब्दांची काही कमी नाही. मी जागेवर येऊन बसले आणि तेच घोळवत राहिले. सोपवतात ती लेक, किंवा लहान मूल. सुपूर्द करतात तो चोर, पोलिसांच्या. बहाल करतात तेव्हा देणारा उंच आसनावर असतो आणि घेणाऱ्याची मान खाली असते. प्रदान करायला शाल आणि नारळ लागतो. किल्ल्या हातात देतात तेव्हा मात्र देणारा खरोखर रिकाम्या हातानं बाजूला होतो, आणि म्हणूनच किल्ल्या सहसा कुणी देत नाही. यातला एकही शब्द आदेशात नव्हता. प्रत्यायोजन हा शब्द घरात कुणी वापरत नाही, भांडणात नाही की लाडात नाही, म्हणून मला तो जास्तच संशयास्पद वाटला. आदेशाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की साहेबांचे मूळ अधिकार अबाधित राहतील. म्हणजे दिलं, पण दोरीचं टोक आपल्याच मुठीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळा उलगडा झाला. माझ्या टेबलावर रजेचे अर्ज यायला लागले. गणपती जवळ आले होते. रत्नागिरीत गणपतीला रजा नको असलेला माणूस अजून जन्माला यायचाय. सगळ्यांना एकदम सोडलं तर ऑफिसला कुलूप लागणार, म्हणजे कुणाला तरी नाही म्हणावं लागणार. वर्षभर जो अधिकार साहेबांनी उराशी धरला होता तो नेमका चटके बसायला लागल्यावर खाली आला होता. चुलीवरचं पातेलं दुसऱ्याच्या हातात देताना आपण म्हणतो ना, “धर जरा,” तसा.

मी रात्रंदिवस विचार करून अर्ध्या लोकांना रजा दिली, अर्ध्यांना नाही. ज्यांना नाही दिली ते साहेबांकडे गेले. साहेबांनी हसतमुखानं दोघा-तिघांची रजा मंजूर केली आणि वर सांगितलं, “मॅडम जरा कडक आहेत, पण मनानं वाईट नाहीत.” धन्यवाद त्यांना मिळाले, कपाळावरच्या आठ्या माझ्या वाट्याला आल्या. मी इतकी चिडले होते की त्या संध्याकाळी घरी येताना आरे-वारेच्या रस्त्यावर समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि अशा मनःस्थितीत मी घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई ओटीवर बसून वाटाणे निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “औंदा गणपतीत मीठ तू घाल गो. माजा हात जड झालाय.”

हे ऐकून मी का हबकले ते सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीचा नैवेद्य पाच दिवस घरातच होतो आणि तो देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखायचा नाही. चव बघणं तर लांब, पळी पुसताना बोट चाटलं तरी सगळं भांडं बाद. तेव्हा मीठ पडतं ते अंदाजानं. आणि एकाच हातानं पडतं, म्हणजे दोनदा पडत नाही आणि राहूनही जात नाही. भाज्या कुणीही चिराव्या, वाटण कुणीही करावं, मोदकांच्या कळ्या ज्यांना जमतात त्यांनी काढाव्या, पण मिठाच्या बरणीला हात फक्त सासूबाईंचा. त्या मीठ घालायच्या, झाकण ठेवायच्या, थोड्या वेळानं झाकण तिरकं करून वाफेवर वाकायच्या आणि नुसत्या वासावर सांगायच्या की कमी आहे, का बरोबर आहे. माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता. मुंबईहून येणारे दीर, धाकटी जाऊ, चुलतघरची माणसं, सगळी त्या मिठाच्या भरवशावर पानावर बसतात. हे घर कुणाच्या हाताखाली चालतं हे आमच्याकडे मिठावरून कळतं, सातबाऱ्यावरून नाही.

आणि ते मीठ त्या मला देत होत्या. वाटाणे निवडता निवडता, एका वाक्यात.

“का पण?” मी विचारलं.

“का म्हंजे? किती वर्सं मीच घालू?”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणायचं, तर आमच्या घरात त्या दिवशी पालींची जत्राच भरली. साहेबांचं प्रकरण ताजं होतं. त्यात दोन दिवसांनी सासूबाईंना फोनवर धाकट्या जावेशी बोलताना ऐकलं. त्या मोठ्यानं सांगत होत्या, “औंदा मीठ थोरलीच्या हातचा हाय. मी नाय घालनार.” म्हणजे दवंडी पिटून झाली. चुकलं तर कुणाचं चुकलं हे मुंबईपर्यंत आधीच कळवून झालं. प्रत्यायोजन झालं, माझी खात्रीच पटली.

मी मागचं सगळं जोडायला लागले. माघापासून सासूबाई माझ्यावर विचित्र गोड होत्या. आधी माझी एक आमटी त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. फोडणी कच्ची राहिली, हिंग शिळा आहे, खोबरं खवट लागतंय. माघात त्यांना ताप येऊन गेला आणि नंतर त्या बोलायच्याच बंद झाल्या. जे वाढीन ते मुकाट जेवायच्या. एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर दूध करपलं. सगळ्या घरात वास भरला आणि त्या तिथंच चुलीशेजारी पाट टाकून पंचांग बघत बसल्या होत्या. मला वाटलं, मुद्दाम. मी काय करते ते बघताहेत. मासे आणले की टोपली माझ्यापुढं सरकवून म्हणायच्या, “बग गो, ताजा हाय का.” हीच बाई पूर्वी लांबूनच नाक उडवून मासेवालीला फाटकातून परत पाठवायची. आता मला विचारते? मी ठरवूनच टाकलं की त्या हे सगळं साठवताहेत आणि गणपतीत, भरल्या घरात, एकदम बाहेर काढणार.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आईनं मीठ दिलं तरी तुझी तक्रार, नाही दिलं तरी तक्रार.” मी त्याच्याशी बोलणं सोडून दिलं. मला मीठ हवं होतं, हे मी नाकारत नाही. या घरात कधीतरी ती बरणी माझ्या हातात येईल म्हणून मी वाट बघितली होती. पण अशी नको होती, मागे दोरी बांधलेली.

गणपती आले. घर भरलं. चतुर्थीला पहाटेपासून आम्ही स्वयंपाकाला लागलो. काळ्या वाटाण्याचं सांबारं मोठ्या टोपात, भाजी, वरण, मोदक वेगळ्या चुलीवर. सासूबाई उंबऱ्याशी खोबरं खवत बसल्या होत्या आणि मिठाकडे बघतसुद्धा नव्हत्या, जरा जास्तच बघत नव्हत्या. मी देवाचं नाव घेतलं आणि मीठ घातलं. भाजीत घातलं, वरणात घातलं, सांबाऱ्यात घातलं आणि ढवळून झाकण ठेवलं. वाफेवर वाकून बघितलं. मला वाटाण्याचा वास आला, मसाल्याचा आला, मिठाचा म्हणून काही आला नाही. तो कसा येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आरतीची वेळ झाली म्हणून मी साडी बदलायला आत गेले. परत आले तेव्हा स्वयंपाकघरात सासूबाई एकट्या होत्या. सांबाऱ्याचं झाकण बाजूला, आणि त्यांचा हात मिठाच्या बरणीतून बाहेर येत होता.

“आई, मीठ घातलंत?”

“नाय गो,” त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसले.

मला पुढचं बोलायला वेळच मिळाला नाही. दीर नैवेद्याचं पान न्यायला आले, बाहेर घंटा वाजली, सगळे आरतीला उभे राहिले. मी हात जोडून उभी होते पण माझं सगळं लक्ष त्या पानावरच्या वाटीकडे. घातलं की नाही घातलं? आता सांबाऱ्यात पाणी ओतावं, तर त्यांनी खरंच घातलं नसेल तर ते मचूळ होणार. नाही ओतावं, तर खारट. चाखून बघायची सोय नाही. विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि विश्वास ठेवणं मला कधी जमलेलं नाही. अबाधित, अबाधित, असं माझ्या डोक्यात त्या झांजांच्या तालावर चाललं होतं.

नैवेद्य दाखवून झाला तशी मी आधी आत धावले आणि सांबाऱ्याचा थेंब जिभेवर ठेवला. तोंड वाकडं झालं. चुलीवर उकळतं पाणी होतं ते ओतलं, उकडलेले बटाटे होते ते कुस्करून टाकले. थोडा फरक पडला, थोडाच. तोवर पंगत बसली होती.

मी वाढत होते, पण संतापानं माझे कान तापले होते. वाक्य तयार होतं माझ्याकडे. मी एकदाच घातलंय, दुसऱ्यांदा कुणी घातलं ते विचारा. सगळ्यांसमोर म्हणणार होते. देवासमोर म्हणणार होते. वीस वर्षांचं म्हणणार होते.

दिरांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला. धाकट्या जावेनं सांबारं बोटानं चाखलं आणि माझ्याकडे बघून बारीक हसली. “ताई, मीठ यंदा तुमचं ना?”

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी, कोपऱ्यातल्या पानावरून आवाज आला. सासूबाईंचा दुसरा घास अजून हातातच होता. पहिला त्यांच्या तोंडात गेला होता.

“माजा हाय,” त्या म्हणाल्या. “हिनं घातलान ता बरोबर होता. मला ऱ्हावला नाय, मी परत टाकला. खारट हाय तर भात जास्ती घ्या.”

कुणीतरी भात मागितला. माझं तयार वाक्य तोंडातच राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला ते गिळणं सांबाऱ्यापेक्षा जड गेलं. कारण मला असं काही बघायची सवय नव्हती. मी ऑफिसात बघितलं होतं की अधिकार परत घेतला की वाहवा परत जाते, दोष मात्र खालीच राहतो. इथे दोष आधी वर गेला. आणि तरी मला संशय आलाच. भरल्या पंगतीत ही बाई स्वतःचं मीठ चुकलं म्हणून सांगते, तर त्याहून मोठं काहीतरी ती लपवते आहे.

संध्याकाळी मागच्या पडवीत आम्ही दोघीच भांडी घासत होतो. म्हणजे मी घासत होते, त्या विसळत होत्या. मी सरळ विचारलं.

“आई, सकाळी खोटं का बोललात?”

त्यांनी तांब्या उपडा ठेवला. “तू घातलंस का नाय ता बगायला गेल्ये. वाफेवर वाकल्ये. कायच कळंना. मला वाटला, घाबरलीस, ऱ्हायला तुझ्याकडनं. तुझा नाव जायला नको सगळ्यांत, म्हनून टाकला.”

“पण तुम्हाला तर वासावर कळतं.”

“येतोय कुठं वास,” त्या म्हणाल्या. “माघातल्या तापापास्नं कशाचाच येत नाय. जिभेला खारट कळतंय, गोड कळतंय, बाकी सगळा एकच. मासळी काय नि वरण काय.”

माझ्या हातातली राख तशीच राहिली. दूध करपताना त्या का हलल्या नाहीत, मासे माझ्यापुढं का सरकवले, माझ्या आमट्यांना नावं ठेवायचं का सोडलं, ते सगळं एकामागून एक माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. सहा-सात महिने ही बाई माझ्या शेजारी बसून बेचव जेवत होती आणि मी तिच्या डावपेचांचा हिशोब मांडत होते.

“सांगितलं का नाहीत?”

“सांगून काय व्हनार? तुमी डाक्तराकडं न्याल. तो म्हननार, वय झाला. नि मुंबईची येतील ती माझ्याकडं बगून हळहळतील.” मग म्हणाल्या, “खारट केलान म्हनतील ता चालंल. नाक गेला म्हनायला नको.”

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. पंगतीत त्यांनी मला वाचवलं तितकंच स्वतःलाही झाकलं होतं. एरवी असं काही पकडलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. मी म्हटलं, “मुंबईच्यांना मी सांगणार नाही.” त्यांनी मान हलवली आणि पुढचं भांडं मागितलं.

दुसऱ्या दिवशी अळूचं फदफदं होतं. चुलीवर ते रटरटायला लागल्यावर त्यांनी मला हाक मारली. मिठाची बरणी त्यांच्या मांडीशी होती.

“हात माजा अजून बरा हाय. तू वास घे. मी घालत्ये.”

“मला नाही येत कळत, आई. काल बघितलं मी.”

“डोळे मीट. घाई करू नको. कमी असला की वास पोकळ येतो. अळवाचा वेगळा, चिंचेचा वेगळा, गुळाचा वेगळा. बरोबर पडला की सगळी एकत्र येतात.”

मी वाकले. वाफेनं चेहरा ओला झाला. पहिल्यांदा काहीच नाही. मग खरंच वाटलं की चिंच एका बाजूला आहे आणि अळू दुसऱ्या बाजूला.

“पोकळ आहे,” मी म्हटलं.

त्यांनी लगेच मीठ घातलं. ढवळलं. झाकण ठेवलं, थोड्या वेळानं काढलं. मी परत वाकले.

“आता?”

“अजून थोडं.”

त्यांनी घातलं.

“आता बरोबर वाटतंय.”

त्यांनी झाकण लावून टोप खाली उतरवला. “नक्की?” असं काही त्यांनी विचारलं नाही. हा शब्द मी दिवसातून कितीदा वापरते ते मोजलेलं नाही. मासेवालीला, शिपायाला, नवऱ्याला, सगळ्यांना. ज्या मिठानं त्यांचं आयुष्यभराचं नाव झालं होतं ते त्यांनी माझ्या नाकाच्या भरवशावर देवापुढं पाठवून दिलं. त्या जेवणात मिठाचं कुणी नावही काढलं नाही. आमच्याकडे मीठ बरोबर पडलं की असंच होतं.

दुपारी माणसं लवंडली. सासूबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथून गणपती समोर दिसत होता. मी विड्याचं पान लावून त्यांच्यापुढं ठेवलं. पान त्यांनी बाजूला सारलं. जरा वेळानं हळूच, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “केवडा लावलाय ना गो देवाला? येतोय वास?”

मी उठून मखराशी गेले. वाकले. डोळे मिटले, घाई केली नाही. मग परत येऊन त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की केवडा अजून ताजा आहे, पण धुपाखाली दबलाय. दूर्वांना ओल्या मातीचा वास आहे आणि कालच्या जास्वंदी आता सुकायला लागल्यात. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

“आनि मोदकांचा?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा उठले.